कॉरिडॉर बारा पावलांचा

कॉरिडॉर बारा पावलांचा होता.
शनीच्या चंद्रावर, रोमन तळघरात,
इसवी सन सहा हजारच्या तुरुंगात
मी तोच पळाले,
दर मंगळवारी नवा रंग लावलेला,
कधीकधी ओलाच.
माझ्या हिरव्या कोटाची बाही अजून थोडी चंदेरी आहे.

चौथ्या पावलावर किंकाळी,
नवव्यावर घोटा मुरगळायचा.
डावा. उजवा मुरगळला तर कॅमेऱ्यात दिसत नसे.
मग रॉडरिक मागे वळून हात द्यायचा,
हाताला पेपरमिंटचा वास आणि त्याखाली जिनचा.
ब्रह्मांडाचा तारणहार,
पण यानाच्या तीन पायऱ्या उतरताना
माझाच खांदा धरायचा.

माझं खरं काम विचारायचं :
"म्हणजे काय?"
एकोणचाळीस भागांत दोनशे अकरा वेळा.
हे मी नाही मोजलं,
कॉव्हेंट्रीच्या एका निवृत्त पोस्टमनने मोजलं,
वहीत, लाल शाईने.
त्याला सगळं ठाऊक, मला काहीच नाही,
अशी आमची वाटणी.
आई म्हणायची, डिलिस,
गणितात पहिली यायचीस ना गं तू,
मग त्या बाबापुढे अशी बावळटासारखी काय उभी राहतेस?
मी म्हणायचे, आई, त्याचाच तर पगार मिळतो.

एका शुक्रवारी करार संपला.
पटकथेत दीड पान उरलं होतं,
तेवढ्यात मला निळ्या मिशीच्या एका सरदाराच्या प्रेमात पडून
लग्न उरकायचं होतं.
त्याला मी पहिल्यांदा पाहिलं त्याच सकाळी, कॅन्टीनमध्ये,
अंड्याचं सँडविच खाताना,
मिशी कानामागे बांधून.
"मी इथेच राहते," मी म्हणाले.
इथे म्हणजे कुठे,
हे तेवढं विचारायचं राहून गेलं.

पुढच्या शनिवारी यानाचं दार उघडलं,
दुसरी मुलगी बाहेर आली आणि म्हणाली,
"म्हणजे काय?"

मी स्वॉन्झीला परतले.
बुटांच्या दुकानात अठ्ठावीस वर्षं
लोकांच्या घोट्यांशी वाकत काढली.
गिऱ्हाईक कधी चेहरा निरखायचं,
तुम्हाला कुठेतरी पाहिलंय.
शनीवर, मी म्हणायचे,
आणि पावती फाडायचे.

टेप महाग असायच्या तेव्हा.
आमच्यावर त्यांनी घोड्यांच्या शर्यती भरल्या.
तुरुंग गेला, रोमन गेले, निळी मिशी गेली,
माझा तो कॉरिडॉर टापांखाली गेला,
आणि ते कळायला मला अकरा वर्षं लागली.
रॉडरिक तोवर वारला होता.
कुणाला सांगणार.

परवा हॉटेलच्या सभागृहात बसले होते,
सही पंधरा पौंड, फोटोसकट वीस,
शेजारच्या टेबलावर रबराचा राक्षस,
आत कुणीच नाही.
ग्रिम्सबीचा एक गृहस्थ आला,
टक्कल, गुडघ्याला पट्टा, नाव कॉलिन.
पिशवीतून जुना रेकॉर्डर काढला.
म्हणाला, मी नऊ वर्षांचा होतो,
टीव्हीसमोर माइक धरून बसलो होतो,
हात भरून आला तरी हलवला नाही.

खरखर.
मग माझा आवाज, बावीस वर्षांचा,
वाटला होता त्याहून पातळ :
"मी इथेच राहते."
आणि त्याच्यावरच, लांबून, स्वयंपाकघरातून एक बाई,
"कॉलिन, बीन्स गार होतायत रे!"
आणि अगदी जवळून, माइकला तोंड लावून,
एक पोरगं कुजबुजतं,
"शू! ती चाललीय."

"आईचा आवाज एवढाच आहे," तो म्हणाला.
"बाकी कुठेच नाही."

रांगेतला कुणीतरी खाकरला.
मी काहीच विचारलं नाही.
पुन्हा लावा, एवढंच म्हणाले,
आणि त्याने बटण दाबलं,
टेप किर्र करत उलटी पळू लागली,
आम्ही दोघं मान खाली घालून
आकडे मागे जाताना बघत राहिलो.